उद्याचं पाणी कोणाचं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, पंचायत समितीचे माननीय सभापती, एस.टी.चे धक्के सोसून नागपूरहून आलेले प्रमुख पाहुणे डॉ. मांडवगणे, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आपल्या तलावाचे पानकर यादोराव, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, ज्यांची नावं घेतली नाहीत तर ते रुसतील आणि घेतली तर जेवणं थंड होतील, माझ्या माजी विद्यार्थ्यांनो, त्यांच्या आयांनो, सासवांनो आणि सुनांनो, आणि माझ्या डाव्या हाताला ठेवलेल्या रिकाम्या खुर्ची, तुलाही माझा नमस्कार.

हसू नका. या खुर्चीचा आज सत्कार आहे. म्हणजे खुर्चीवर बसणाऱ्याचा. यादोरावांनंतर आपल्या तलावाचा पानकर म्हणून ज्याला गावानं एकमतानं निवडलं तो ताराचंद वासुदेवराव गभणे आज पाच वाजता या खुर्चीत येऊन बसला होता. पत्रिकेत पाच लिहिलं होतं ना? तो आणि मी, दोघंच आलो होतो. मी आले कारण मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लहानपणी उशिरा येणाऱ्याला दाराबाहेर उभं करून शिकवलं. तो आला कारण पाच म्हणजे पाच. अर्धा तास आम्ही दोघं रिकाम्या सभागृहाकडे पाहत बसलो. तो अजिबात कंटाळला नाही. मी कंटाळले. मग त्यानं मी घातलेला हार गळ्यातून काढला, खुर्चीच्या पाठीला नीट अडकवला आणि तो तलावाकडे निघून गेला. सूर्य बुडायच्या आत तुडुम बंद करायचं असतं. सभापतीसाहेब त्यानंतर पोचले. रस्ता खराब आहे, मला माहीत आहे. तो रस्ता पंचायत समितीचा आहे, हेही मला माहीत आहे.

तर सत्कारमूर्ती गैरहजर असताना सत्कार कसा करायचा, असा पेच आयोजकांपुढे पडला, आणि कोणीतरी म्हणालं, मोठ्या बाईंना बोलायला सांगा, त्या थांबत नाहीत. मोठ्या बाई म्हणजे मी. या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून मी निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली, पण नाव काही निवृत्त झालं नाही.

डॉक्टरसाहेब, तुम्ही बाहेरचे, म्हणून दोन शब्द समजावून सांगते. तुडुम म्हणजे तलावाच्या पोटातून पाणी बाहेर सोडायचं दार. बांधी म्हणजे धानाचं शेत. आणि पानकर म्हणजे गावानं नेमलेला माणूस, जो तुडुम उघडतो, बंद करतो आणि आज कोणाच्या बांधीला पाणी जाईल ते ठरल्याप्रमाणे पाहतो. आमच्या गावाची रीत अशी, की पाणी शेपटापासून सुरू होतं. तलावापासून सगळ्यात दूर ज्याची बांधी, त्याची पाळी पहिली. अगदी पारीखाली, म्हणजे तलावाच्या बांधाला लागून, ज्याची बांधी, त्याची शेवटची. कोणा शहाण्या पूर्वजानं ही रीत घातली, कारण जवळच्याला आधी दिलं तर दूरच्याला कधीच मिळत नाही, हे त्याला माणसांकडे पाहून कळलं असावं. आणि रोज सूर्य बुडताना पानकर पारीवर उभा राहून दुसऱ्या दिवशीच्या पाळीचा हाकारा देतो. घरोघरी चुलीपाशी तो ऐकू जातो. आपलं नाव आलं की माणूस फावडं शोधायला लागतो. दुसऱ्याचं आलं की भाजीत मीठ टाकायला लागतो.

हे लक्षात ठेवा. मीठ टाकायचं लक्षात ठेवा. मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

आता सतरा वर्षं मागे चला. एकाहत्तर साल. ताराचंद अडीच वर्षांचा. दिसायला देखणा, आईसारखा. हाक मारली तर पाहायचा नाही. कडेवर घेतलं तर धनुष्यासारखा ताठ व्हायचा. दिवसभर पितळेची एक झाकणी जमिनीवर गरगर फिरवायची, ती पडली की पुन्हा फिरवायची. गावानं सगळे उपाय करून पाहिले. कोणी म्हणे बहिरा आहे, तर दूध तापवताना भांडं किणकिणलं तरी हा आतल्या खोलीतून धावत यायचा. कोणी म्हणे बाहेरचं आहे. शेवटी त्याचे वडील वासुदेवराव माझ्याकडे आले. नागपूरला विलायतेहून शिकून आलेले एक डॉक्टर आहेत, ते इंग्रजीतच बोलतात, बाई, तुम्ही चला. मी गेले. ते डॉक्टर आज माझ्या उजव्या हाताला बसले आहेत. डॉक्टरसाहेब, पाणी घ्या. गरज लागेल.

डॉक्टरांनी मुलाला तासभर पाहिलं, हे मान्य करायला हवं. सगळ्या विदर्भात तेव्हा ज्यांना तो शब्द माहीत होता, अशी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजावी लागली असती. त्यांनी तो शब्द उच्चारला, ऑटिझम, आणि मग पुढचं सगळं इंग्रजीत सांगितलं. हा कधी अर्थपूर्ण बोलणार नाही. याला आपला आणि परका यातला फरक कळणार नाही. संस्थेत ठेवा, आणि दुसरं मूल होऊ द्या. याचं कारण विचाराल तर पुस्तकं सांगतात की अशा मुलांच्या आया थंड असतात. त्यांच्यात माया कमी असते.

हे ऐकताना रुखमिणी समोरच होती. रुखमिणी म्हणजे ताराचंदची आई. रोवणीच्या दिवसांत याला लुगड्याच्या पदरानं कमरेला बांधून दिवसभर चिखलात वाकणारी बाई. ती थंड! मला तेव्हा एवढा राग आला, की माझं इंग्रजी एकदम सुधारलं. मी डॉक्टरांना काय म्हणाले ते इथे सांगत नाही, लेकरं बसली आहेत. रुखमिणीनं मला ढोसलं, "बाई, काय म्हणून राहिले डाक्टरसाहेब?" मी म्हटलं, म्हणतात तू थंड आहेस. ती म्हणाली, "मंग? आठ-आठ दिवस पान्यात उभी राहतो मी. थंड नाही होऊ तं का होऊ?"

आणि मग तिनं तिचा एकच प्रश्न विचारला. नोकरीचं नाही, लग्नाचं नाही, आमच्यामागे याचं कसं होईल हेही नाही. "त्याईले विचारा, हा मले माय म्हणल का?"

मी विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. त्या मानेचं भाषांतर करावं लागलं नाही.

परत येताना एस.टी.त मुलगा खिडकीशी बसून झाकणी फिरवत होता. आणि मी मनातल्या मनात एक भाषण तयार करत होते. ते करायला सतरा वर्षं लागली. आज करते आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, सतरा वर्षं राग धरायचा? का नको? राग मला त्या शब्दाचा नव्हता. शब्द बरोबर होता. राग पुढच्याचा. अडीच वर्षांच्या पोराचं म्हातारपणापर्यंतचं भविष्य सांगायचं, आणि नंतर पुन्हा फिरकून पाहायचंही नाही? धान पेरणारा माणूस निदान कापणीला तरी येतो. म्हणून निवृत्त झाल्यावर मी नागपूरला गेले आणि डॉक्टरसाहेबांना विचारलं, त्या साली हा शब्द तुम्ही आणखी कोणाला दिलात? त्यांना आपल्या जिल्ह्यातली दोन लेकरं आठवली. ती कुठे आहेत, कशी आहेत, ते माहीत नव्हतं. मी गेले.

वरठीची सत्यवती. तिच्याबद्दलही ती बोलणार नाही असं सांगितलं होतं. ती माझ्याशी सलग दोन तास आगगाड्यांबद्दल बोलली. मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली, मला वाटलं निरोप द्यायला. तर एक मालगाडी सांगायची राहिली होती. भंडाऱ्याला कॉलेजात जाते, मैत्रीण एकही नाही, आणि हिशेबात पहिली. आणि कारध्याचा भैय्यालाल. तो बोलत नाही. एक शब्दही नाही. त्याला अजून आई आंघोळ घालते, आणि ती आई थकली आहे. मी तिथे चहा प्यायले आणि मला काहीही हुशारीचं सुचलं नाही. नदीकाठी नेलं की तो हसतो, एवढं तिनं सांगितलं. मग आम्ही त्याला नदीकाठी नेलं आणि तो खरंच हसला, आणि आम्ही तिघंही हसत बसलो. तेव्हा इथे कोणी असं समजू नका, की माया केली की सगळं ठीक होतं. भैय्यालालच्या आईनं काय कमी केलं? एकाच शब्दाची तीन लेकरं, तीन तऱ्हा. मला एवढंच म्हणायचं आहे, की आधीच सांगता येत नाही. पाहत राहावं लागतं.

आता आपला ताराचंद. सहाव्या वर्षी मी त्याला या शाळेत घातला. सगळ्यांनी विरोध केला, म्हणून घातला. तो बोलायला लागला होता, पण आपण जे म्हणू तेच, आपल्याच सुरात परत करायचा. "बस" म्हटलं की "बस". एकदा शिक्षणाधिकारी तपासणीला आले. त्यांनी याच्यासमोर उभं राहून विचारलं, तुझं नाव काय? यानं त्याच करड्या आवाजात विचारलं, तुझं नाव काय? आणि साहेबांनी आपलं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. गाव सांगितलं. मग ते लाल होऊन पुढच्या वर्गात गेले. माझ्या सबंध नोकरीत तपासणी इतकी आनंदात कधी झाली नाही.

चार वर्षं शाळेत बसला. अक्षरं शिकला, बेरीज शिकला, आणि एके दिवशी उठून यादोरावांच्या मागे चालायला लागला. सकाळी तुडुमापाशी, मग पाटानं शेपटापर्यंत, संध्याकाळी परत. रोज. पावसात, तापात. मी यादोरावांना विचारलं, तुम्ही याला शिकवलंत तरी कसं? यादोराव, चुकलं तर सांगा. ते म्हणाले, "शिकवलं काहून म्हणता बाई? मी बोलत नाही, तो बी बोलत नाही. जमलं." शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी मी दोन वर्षं घालवली होती.

आता ताराचंद साधा आहे, गुणी आहे, असं कोणी हार घालताना म्हणेल. तो अत्यंत हट्टी आहे. तुडुमाजवळच्या एका दगडावर बसल्याशिवाय तो पाणी सोडत नाही. गेल्या उन्हाळ्यात कोणाचे तरी जावई त्या दगडावर विडी ओढत बसले. ताराचंद समोर उभा राहिला. जावई उठेनात, कारण जावई. खाली शेतात माणसं फावडी घेऊन ताटकळली, वरून पाणी येईना. शेवटी सासऱ्यानं येऊन जावयाला उठवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं ऐकते. हे सगळं तुम्हांला ठाऊक आहे, आणि तरीही तुम्ही त्याला निवडलंत. का निवडलंत, ते डॉक्टरसाहेबांना ऐकू द्या.

मागचं साल कोरडं गेलं. तलाव कमरेएवढा. धान निसवायला आलेलं, आता पाणी नाही तर कधीच नाही. आणि नेमके यादोराव पाय मोडून खाटेवर. तुडुमावर ताराचंद एकटा. पाळी शेपटापासून सुरू झाली, आणि पारीखालच्या बांधीचा मालक दिवस मोजायला लागला. आपली पाळी येईपर्यंत तलावात उरतंय काय? तो मालक म्हणजे वासुदेवराव गभणे. ताराचंदचे वडील. समोरच बसले आहेत, मिशी झाकून.

ते पारीवर गेले आणि म्हणाले, आज आपल्या बांधीला सोड. ताराचंद दगडावरून हलला नाही. त्यांनी समजावलं. मग दटावलं. मग तुडुमाला हात घातला, तेव्हा हा उठला आणि तुडुमावरच जाऊन बसला. गाव जमा झालं. वासुदेवरावांचा तोल गेला, आणि त्यांनी साऱ्या पंचक्रोशीला ऐकू जाईल असं सांगितलं, "मी तुया बाप होय."

ताराचंदनं त्यांच्याकडे पाहिलं. आणि त्याच सुरात, तेवढ्याच आवाजात म्हणाला, "मी तुया बाप होय."

हसा. वासुदेवराव स्वतः हसत आहेत, पाहा. त्या दिवशी मात्र हसले नव्हते. पाणी शेपटाला गेलं. मग त्याच्या अलीकडे, मग त्याच्या अलीकडे. शेवटच्या दिवशी वासुदेवरावांच्या बांधीला मिळालं. जरा कमी मिळालं, धान जरा कमी पिकलं, पण पिकलं. आणि सगळ्यांचं पिकलं. यंदा यादोराव म्हणाले की आता पाय चालत नाही, नवा पानकर पाहा, तेव्हा ग्रामसभेत पहिला हात वर केला तो वासुदेवरावांनी. म्हणाले, "ज्यानं सोताच्या बापाले पानी नाही देल्लं, तो तुमच्यापैकी कोनाले चोरून देणार हाय?"

डॉक्टरसाहेब, तुमचं भविष्य तंतोतंत खरं ठरलं. आपला आणि परका यातला फरक याला कळत नाही. आमच्या गावाला असाच माणूस हवा होता. सभापतीसाहेब, तुमच्याकडे पंचायत समितीत अशी एखादी जागा रिकामी असेल तर आधी आम्हांला कळवा.

ऊन भिंतीवरून उतरलं. मला घाई करायला हवी.

सगळे हसले, पण रुखमिणीचा प्रश्न राहिलाच. बापाला बाप म्हणाला नाही, ते एक वेळ चालेल. मुलगा वीस वर्षांचा होत आला. जेवायला बसतो, ताट पुढे करतो, तिनं दिलेला सदरा घालतो, तिच्याशिवाय दुसऱ्याच्या हातचं खात नाही. पण हाक नाही. मी दर दिवाळीला तिच्याकडे जाते आणि हा प्रश्न विचारत नाही. ती मला चिवडा देते आणि उत्तर देत नाही.

गेल्या महिन्यात मी यादोरावांच्या घरी गेले. निरोपाच्या भाषणासाठी काही माहिती द्या म्हटलं. ते म्हणाले, बाई, एक गोष्ट हाय, पन तुमी कोनाले सांगसाल. मी म्हटलं, नक्की सांगेन. म्हणून त्यांनी सांगितली.

हाकारा ताराचंद त्यांच्याकडूनच शिकला. शब्द तेच, ओढ तीच, शेवटी खोकलाही तोच. यादोराव खोकायचे म्हणून तोही खोकतो, छाती ठणठणीत असताना. त्यांनी जसं म्हटलं तसं, एका अक्षराचाही फरक नाही. पारीखालच्या बांधीसाठी यादोराव नेहमी म्हणत, उद्या पानी वासुदेवरावच्या बांधीले. मागच्या साली, त्या भांडणानंतर, ती पाळी आली. यादोराव खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होते. आणि ज्या मुलानं आयुष्यात दगडाची जागा बदलू दिली नाही, झाकणी बदलू दिली नाही, त्यानं हाकाऱ्यातलं एक नाव स्वतःच्या मनानं बदललं.

आम्ही कोणीच ऐकलं नाही. का? कारण ती पाळी आमची नव्हती. आम्ही भाजीत मीठ टाकत होतो.

मी तशीच उठून रुखमिणीकडे गेले. तुला ठाऊक होतं? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, हो. मी चिडले. वर्षभर सांगितलं का नाहीस? म्हणाली, "सांगून का करू बाई? तो म्हणते, मी आयकतो. झालं."

आता डॉक्टरसाहेब हळूच मला म्हणतील, निमंत्रण द्यायला नागपूरला गेले तेव्हा म्हणालेच ते, की हे त्या शेताचं नाव असू शकेल, व्यक्तीची हाक नव्हे. शास्त्रात सावध राहावं लागतं, मान्य आहे. मी तेही रुखमिणीला विचारलं. ती म्हणाली, "शेताचं नाव तं शेताचं. पन त्या शेतात त्यानं पाहिलं कोनाले?" पदराला बांधून, डॉक्टरसाहेब. दर रोवणीला.

ती आज इथे नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मुलाचा सत्कार आणि आई नाही. कारण या फेरीची शेवटची पाळी उद्या आहे, आणि हाकारा आज. ती पारीवर जाऊन बसली आहे. तो कर्णा जरा बंद करा. ती पोरं खिडकीतून खाली उतरवा. सभापतीसाहेब, घड्याळाकडे पाहू नका, काही चुकणार नाही. आता कोणीही बोलू नका. मीसुद्धा नाही.

ऐकलंत?

उद्या पानी मायच्या बांधीले.

नाही, टाळ्या नकोत, त्याला आवडत नाहीत. खोकला ऐकलात ना? यादोराव, तो तुमचा. डोळे पुसा, तुम्हांला अजून दोन शब्द बोलायचे आहेत.

माझे संपले. आयोजकांचे आभार, त्यांनी उशीर केला म्हणून मला ही वेळ साधता आली. सभापतीसाहेबांचेही त्याच कारणासाठी. वासुदेवरावांचे, की त्यांनी भर सभेत मला त्यांची फजिती सांगू दिली. आणि माझ्या बोलण्याच्या ओघात कोणाच्या बांधीत पाणी जरा जास्त शिरलं असेल, एखाद्याचा बांध फुटला असेल, तर म्हातारीला मोठ्या मनानं माफ करा. ही शाल आणि हा नारळ कोणीतरी उचला, आपण सगळे पारीवर जाऊ. शाल त्याच्या अंगावर घालू नका, दगडावर ठेवा, तो घेईल.

डॉक्टरसाहेब, तुम्ही पुढे चला. रुखमिणी तिथेच भेटेल. सतरा वर्षांपूर्वी तिनं तुम्हांला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर तिला पुन्हा द्या. मी दुभाषी म्हणून येणार नाही. या वेळी मराठीत सांगा.